घरातलं कुत्रं खूप आजारी होतं ते दिवस : तुमचेही अनुभव लिहा

पायवाट

काल माळा आवरताना एक दोनशे पानी वही हाताला लागली. वर मुलाच्या अक्षरात 'गणित'. पहिली चार पानं खरंच गणिताची, पाचव्या पानापासून आमचा मोती. "स. ७ गोळी अर्धी. ७.३० सलाईन १५० मिली. उलटी १, पिवळी." पुढे पानंच्या पानं असंच. फडकं हातात तसंच राहिलं, तिथेच बसून जवळजवळ सगळी वही वाचली.

मोतीच्या किडन्या गेल्या होत्या. हा आजार फार लपून राहतो. किडन्यांचं साधारण पाऊण काम बंद पडतं तेव्हा कुठे रक्ताच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ) वाढलेलं दिसतं. तो पाणी जास्त पितोय, रात्री दोनदोनदा दाराशी जाऊन उभा राहतोय, हे आम्ही उन्हाळ्यावर ढकललं. तिथून पुढे सात महिने मिळाले.

वहीत चार अक्षरं आहेत. सकाळच्या नोंदी माझ्या, रात्रीच्या ह्यांच्या, दुपारच्या सासूबाईंच्या (त्या मिली वगैरे लिहीत नसत, "अर्धी वाटी प्यायला, कुशीवर निजलाय" असं लिहीत). मुलगा तेव्हा दुसरीत. त्याने पट्टीने रेघ मारून स्वतःचा वेगळा रकाना आखला होता, 'शेपटी'. त्यात रोज आकडा. "शेपटी ३." "शेपटी ५, बाबा आले." "शेपटी ०." आमचे डॉक्टर वही उघडली की आधी तो रकाना बघायचे, मग बाकीचं.

आजाराची माहिती शोधली तर मिळते. पण त्या दिवसांत घर कसं चाललं, कोण जागलं, कोण कोणावर चिडलं, हे कुठे लिहिलेलं सापडत नाही. तुमच्याकडे असे दिवस येऊन गेले असतील किंवा आत्ता चालू असतील तर लिहा ना. दोन ओळी लिहिल्या तरी चालेल.

उनाडपाणी

शेपटीचा रकाना 😢 कामावर वाचलं, आता डोळे पुसत बसलेय. रात्री लिहिते.

कातरवेळ

आमची राणी डॅशहंड. एक दिवस सोफ्यावरून उतरली आणि मागचे पाय उठेचनात. मणक्यातली चकती सरकलेली. ह्या जातीत होतं म्हणे, लांब पाठ आणि आखूड पाय.

पहिले दोन आठवडे तिला लघवी स्वतःहून होत नव्हती. पोट हाताने दाबून मूत्राशय रिकामं करायचं, दिवसातून तीन-चार वेळा. डॉक्टरांनी माझा हात धरून शिकवलं, संत्र्याएवढा गोळा बोटांना लागतो तो हळूहळू दाबायचा. माझ्या नवऱ्याला ते जमेना. तो घाबरायचा, तिला दुखेल म्हणून. म्हणजे रात्री बाराचं आणि पहाटे सहाचं माझ्याच वाट्याला. नवव्या-दहाव्या दिवशी मी त्याच्यावर इतकी ओरडले की शेजारीण येऊन बघून गेली. तो काही बोलला नाही. त्या रात्रीपासून कूस बदलायचं काम त्याने घेतलं, दर तीन तासांनी गजर लावून. एकाच कुशीवर राहिली की हाडाच्या जागी जखमा होतात ना. तिला एकही जखम झाली नाही, हे मी सगळ्यांना सांगते.

जुना टॉवेल पोटाखालून घालून दोन्ही टोकं वर धरायची आणि चालवायचं. दीड महिन्याने टॉवेल सैल लागला. मी म्हटलं हात दुखतोय म्हणून मीच सैल सोडलाय. नाही, तिनेच वजन पेललं होतं.

माऊची_आई

माझ्याकडे मांजर आहे तरी लिहू का? तिची किडनीचीच गोष्ट. मांजर गोळी घेत नाही, गोळी घ्यायचं नाटक करते. सोफ्याखाली अकरा गोळ्या सापडल्या.

पायवाट

लिहा की! मांजर काय परकं आहे का.

शिंपला

आमचं चालू आहे सध्या. लॅब्रेडॉर, अकरा वर्षांचा, किडनीच. उद्यापासून घरी सलाईन लावायला सांगितलंय, कातडीखाली. दवाखान्यात बघितलं तेव्हा सोपं वाटलं. घरी मी आणि आई दोघीच, आईला सुई बघवत नाही. माझे आत्तापासून हात थरथरतायत. पायवाटताई, कसं केलंत तुम्ही?

पायवाट

शिंपला, ताई म्हणालीस तर आता अगं-तुगंच करते.

आधी पिशवी कोमट पाण्याच्या भांड्यात ठेव. थंडगार आत गेलं की ते शहारतात आणि उठून जातात. मनगटावर थेंब टाकून बघ, ना गार ना गरम. दोन खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत धरून वर उचल, तंबूसारखी होते. सुई त्या तंबूच्या पायथ्याशी, पाठीला समांतर. दुसऱ्या बाजूने बाहेर आली की केस ओले होतात. घाबरायचं नाही, काढून पुन्हा. प्रत्येक वेळी सुई नवीन. पिशवी जितकी उंच तितकं पटकन जातं, आम्ही पडद्याच्या दांडीला अडकवायचो. तिथे उंटाच्या मदारीसारखा फुगवटा येतो, कधी घसरून पुढच्या पायापर्यंत उतरतो, ते बघून सासूबाई रडल्या होत्या. काही तासांत जिरतो. किती मिली ते मात्र तुझ्या डॉक्टरांचंच ऐक, हृदय कमजोर असलं तर जास्त पाणी झेपत नाही.

आईला सुई बघवत नसेल तर त्यांना तोंडाकडे बसव. कान कुरवाळणं हेही कामच आहे.

रानवाट

सुईच्या नंबराचं पण सांगा तिला. नंबर जितका कमी तितकी सुई जाड. आम्ही दया येऊन बारीक आणली, मग पाऊण तास धरून बसावं लागायचं. १८ नंबरने दहा मिनिटांत व्हायचं, त्यालाही ते बरं.

दोनपिल्लं

फिट्सचं कोणी लिहिलं नाही अजून. आमचा बंड्या, तीन वर्षांचा असताना सुरू झाल्या. पहिली रात्री दोनला. नवरा त्याच्या तोंडात चमचा घालायला धावला. कुणीतरी लहानपणी सांगितलेलं डोक्यात असतं. कुत्रं जीभ गिळत नाही, तोंडाजवळ हात नेऊच नये. आजूबाजूचं सामान सरकवायचं, दिवे मालवायचे, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेली की थेट दवाखाना. हे सगळं नंतर कळलं.

मोठ्या मुलीने स्वतःहून काम वाटून घेतलं, एक जण घड्याळ, एक जण मोबाईलवर व्हिडिओ, एक जण टेबल सरकवणार. डॉक्टरांना व्हिडिओचा खूप उपयोग झाला. फिट गेल्यावर त्याला थोडा वेळ दिसायचं नाही, भिंतींना धडकत फिरायचा. मुली दोघी बाजूंनी उश्या धरून त्याच्यासोबत चालायच्या. मग गोळी सुरू झाली, बारा-बारा तासांनी, एकही चुकवायची नाही. चार वर्षं घरातून सगळे एकत्र असे कधी बाहेर पडलोच नाही. कोणी तरी सात वाजता घरी. मला त्याचं वाईट वाटत नाही.

रानवाट

गोळीने भूक प्रचंड वाढते ना? आमच्या ओळखीतला एक फिट्सवाला उशीचं अभ्रं खायचा.

दोनपिल्लं

हो हो, बंड्याने रबर खाल्लं, पट्टीसकट.

सोनकी

मला जमेल का माहीत नाही, पण लिहिते. डेझी लंगडत होती म्हणून मी तिला आपल्याच घरातली दुखण्याची गोळी दिली. आयब्युप्रोफेन. दोन दिवस. माया म्हणूनच दिली हो. पोटात जखमा झाल्या, शी काळी डांबरासारखी, मग किडन्यांवरही आलं. पाच दिवस दवाखान्यात, आठवडाभर घरी चमच्याने. वाचली ती. पण त्या आठवड्यात घरात कोणीही मला एक शब्द बोललं नाही, "तू केलंस" असं कोणी म्हटलं नाही, आणि तेच मला सहन होत नव्हतं. शेवटी बाबा रात्री पाणी प्यायला उठले तर मी तिच्याजवळ जमिनीवर. ते माझ्या शेजारी आडवे झाले, सकाळपर्यंत तिथेच. बाबांची कंबर दुखते.

माणसाची कुठलीही गोळी विचारल्याशिवाय देऊ नका.

कातरवेळ

सोनकी, अगं 🫂

पाचोळा

हृदयाचा आजार होता आमच्या गुंड्याला. झोपेत श्वास मोजायचे, मिनिटाला तीसच्या आत हवेत. आजोबा ८४ वर्षांचे, झोप तशीही कमी, तेच मोजायचे. सकाळी चहाआधी जाहीर करायचे, "चोवीस!" एका पहाटे त्यांनी मला हलवलं, "बेचाळीस आहेत, गाडी काढ." फुप्फुसात पाणी झालं होतं. वेळेत पोचलो. त्यानंतर आजोबांना कोणी म्हातारे म्हटलेलं मी ऐकलं नाही.

माऊची_आई

आजोबांना नमस्कार सांगा!

पाचोळा

ते नाहीत आता, पण सांगितला.

उनाडपाणी

आले. मुलं झोपली.

आमच्या ब्राउनीला हाडाचा कॅन्सर होता, पुढचा पाय. पाय काढला तरी आम्ही घाबरलो तितकी ती घाबरली नाही. चौथ्या दिवशी तीन पायांवर दारापर्यंत गेली, आम्हीच सगळे रडत होतो. पाच महिने छान गेले. दुसरं कुत्रं आमचं, पिंट्या, तिचे लाड बघून लंगडायला लागला. एक्सरे काढला, काही नाही. गोळीचा खाऊ त्यालाही सुरू केल्यावर बरा झाला.

शेवटचं लिहिते कारण आम्हाला कोणी आधी सांगितलं नव्हतं. पहिलं इंजेक्शन गाढ झोपेचं असतं, दुसरं कायमचं निजवायचं. डोळे मिटत नाहीत. आम्ही वाट बघत राहिलो मिटायची. लेकीने हात ठेवून मिटायचा प्रयत्न केला, पुन्हा उघडले. डॉक्टर म्हणाले, "राहू दे बाळा, असंच असतं." आधी माहीत असतं तर तिला सांगून ठेवलं असतं.

पिंट्या तिच्या गादीवर बसत नाही अजून. कडेला बसतो.

पायवाट

उनाडपाणी, वहीचं शेवटचं पान काल वाचलं नव्हतं. आत्ता वाचलं. मुलाने रकाना रिकामा ठेवलाय, शून्यही लिहिलेलं नाही.

शिंपला

झालं!! पहिल्यांदा केस ओले झाले, दुसऱ्यांदा नीट लागली. पिशवी पंख्याच्या हुकाला. आई तोंडाकडे बसली होती, डोळे मिटून, पण बसली. मदार आलीये, डाव्या खांद्यावर जरा जास्त. त्याला जेवण दिलंय, अर्धं खाल्लं. आई विचारतेय शेपटीचे आकडे कितीपैकी होते, पाचपैकी की दहापैकी?

पायवाट

पाचपैकी. पण एकदा सात लिहिलेत.