बेकनची चित्रशाला डब्लिनमध्ये : जतन की देखावा?

रंगपेटी
परदेशातील संग्रहालयांवरील धाग्यात काल एका सदस्यांनी लिहिले, की आयर्लंडमधील डब्लिनच्या ह्यू लेन कलादालनातील विसाव्या शतकातील चित्रकार फ्रान्सिस बेकनची चित्रशाला हा ‘काचेआड ठेवलेला कचरा’ असून नगरपालिकेने पर्यटकांसाठी मांडलेला देखावा आहे. ज्या कामाकडे जतनाचा आदर्श म्हणून पाहायला हवे, त्याची एका वाक्यात अशी वासलात लावलेली मला पाहवत नाही, म्हणून हा स्वतंत्र धागा काढत आहे.

लंडनमधील साउथ केन्सिंग्टनच्या ७, रीस म्यूज या घरी बेकन १९६१ पासून १९९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत राहिला आणि तिथल्याच साधारण सहा मीटर बाय चार मीटरच्या खोलीत रंगवत राहिला. त्याचा वारस जॉन एडवर्ड्स याने १९९८ मध्ये ही चित्रशाला डब्लिनला देणगी दिली. त्यानंतर पुरातत्त्वज्ञांनी उत्खननाच्या शिस्तीने खोलीचे आराखडे काढले, कोणती वस्तू कोणत्या ढिगात, कशाच्या वर आणि कशाच्या खाली होती याची नोंद केली, आणि मगच सात हजारांहून अधिक वस्तू, भिंती, दार, जमीन, छत, एवढेच नव्हे तर धूळसुद्धा गोळा करून हलवली. २००१ मध्ये ती खोली लोकांसाठी खुली झाली. धूळ कशाला, असे विचारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, की बेकनने एका चित्रातील सुटाच्या कापडाचा पोत दाखवण्यासाठी धूळच वापरली होती आणि ओल्या रंगावर तो कॉर्डुरॉयच्या चिंध्या दाबून त्यांचे ठसे उमटवीत असे. ज्याला आपण कचरा म्हणतो, तो त्याचा कच्चा माल होता.

गवाक्ष
‘कचरा’ हा शब्द माझाच होता आणि तो मी मागे घेत नाही. नोंदी उत्तम झाल्या असतील, त्याबद्दल माझा वाद नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. रीस म्यूजमधील ती खोली म्हणजे केवळ तिच्यातील वस्तू नव्हेत. दोराला धरून चढावा लागणारा तो उभा लाकडी जिना, छतातील काचेतून येणारा लंडनचा प्रकाश आणि खाली जुन्या तबेल्यांची गल्ली हे सगळे मिळून ती खोली होती. यातले काय डब्लिनला आले? दिव्यांच्या उजेडात ठेवलेला पसारा आला, आणि तो आपण काचेतून वाकून पाहतो. शिवाय बेकन डब्लिनमध्ये जन्मला हे खरे असले, तरी आईवडील इंग्रज होते आणि सोळाव्या वर्षी घर सुटल्यावर तो तिथे राहायला कधी परतला नाही. ज्या शहराकडे त्याने पाठ फिरवली, त्या शहराने त्याच्या मृत्यूनंतर त्याची खोली आणून त्याला आपला म्हणावे, हे मला पटत नाही.

जुना जेजेकर
गवाक्ष, आपण हे फार निवांतपणे लिहिता, कारण एखाद्या चित्रकाराची खोली उपसली जाताना आपण पाहिलेली दिसत नाही. माझे गुरुजी कोल्हापूरचे. ते गेले, तेराव्याच्या आतच घरमालकाला खोली हवी होती. मी पोहोचलो तेव्हा स्केचबुकांचे गठ्ठे रद्दीवाल्याच्या काट्यावर चढलेले होते. ज्या फळीवर गुरुजी रंग कालवीत आणि जिच्यावर अनेक वर्षांचे थर दगडासारखे चढले होते, ती फळी तर त्याआधीच बंबात गेली होती. जागा जागेवर राहिली पाहिजे हे तत्त्व मलाही मान्य आहे, पण जागेवर राहणे शक्यच नसते तेव्हा काय करायचे, हे आपण सांगत नाही.

सातारकर
मूळ मुद्दा कोणीच काढलेला नाही. याच संग्रहालयाचे संस्थापक ह्यू लेन यांनी आपल्या ३९ चित्रांबाबत फेब्रुवारी १९१५ मध्ये मृत्युपत्राला पुरवणी जोडली आणि ती चित्रे डब्लिनला द्यावीत असे लिहिले. पुरवणीवर त्यांची सही होती, साक्षीदारांच्या सह्या नव्हत्या. मे महिन्यात लुसिटानिया ही बोट बुडाली, तीत लेन गेले आणि एवढ्या एका त्रुटीवर लंडनच्या नॅशनल गॅलरीने ती चित्रे ठेवून घेतली. त्यांत फ्रेंच चित्रकार रन्वारचे छत्र्यांचे प्रसिद्ध चित्र आहे. लेन यांच्या मावशी लेडी ग्रेगरी यांनी उरलेले आयुष्य त्या चित्रांसाठी भांडण्यात घालवले. १९५६ मध्ये दोन आयरिश विद्यार्थ्यांनी त्यांतले फ्रेंच चित्रकर्ती बर्थ मोरिसोचे चित्र लंडनच्या टेट गॅलरीतून भरदिवसा उचलून नेले, तेव्हा कुठे जगाचे लक्ष गेले, आणि १९५९ मध्ये चित्रे वाटून घेण्याचा करार झाला. अशा लंडनमधून एक खोली डब्लिनला आली, तर तिथे हळहळण्यासारखे काय आहे?

गवाक्ष
खोलीच्या चर्चेत वारसाहक्काचा खटला कशासाठी? लंडनने अन्याय केला म्हणून डब्लिनचा प्रत्येक निर्णय योग्य ठरत नाही. आणि कायद्याच्या दृष्टीने साक्षीदार नसलेली पुरवणी ही पुरवणीच नव्हे.

सातारकर
हाच कायदा दाखवून आपल्यालाही वर्षानुवर्षे गप्प बसवले गेले. ब्रिटिश अधिकारी ग्रँट डफकडून लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गेलेली म्हणून सांगितलेली वाघनखे २०२४ मध्ये साताऱ्याला आली, तीही तीन वर्षांच्या उसनवारीने. मी रांगेत उभा राहून ती पाहिली आणि डोळ्यांत पाणी आले. आपल्या वस्तू आपल्याला उसन्या घ्याव्या लागतात, हे दुःख ज्याने सोसले नाही, त्याने आयरिश माणसाला कायदा शिकवू नये.

गवाक्ष
माझ्या भावनांचे मोजमाप आपण करू नये. ती वाघनखे अफजलखानाच्या वेळचीच आहेत याची खातरी देता येत नाही, असे खुद्द लंडनच्या त्या संग्रहालयानेच सांगितले आहे. पुराव्यावर बोलायचे तर पुराव्यावर बोलावे, नाहीतर रडारड करावी. दोन्ही एकाच दमात नको.

लिफीकाठ
दोघांनाही विनंती, की शब्द जपून वापरावेत. मी डब्लिनमध्ये राहते आणि या कलादालनात वरचेवर जाते, म्हणून सातारकरांच्या बाजूने एक नोंदवते आणि एक विरुद्ध. लंडनने लेन यांची चित्रे बळकावली ही भावना इथे आजही जिवंत आहे. परंतु लेन यांना लिफी नदीवर पुलासारखे कलादालन हवे होते, त्याचा आराखडा वास्तुविशारद ल्युटेन्सने केला होता, आणि १९१३ मध्ये तो डब्लिनच्याच नगरपालिकेने नाकारला. त्या अपमानानंतरच लेन यांनी मूळ मृत्युपत्रात चित्रे लंडनच्या नावे केली होती. तेव्हा सगळा दोष पलीकडच्या तीरावर टाकता येत नाही.

काचनक्षी
मला वेगळीच खंत आहे. या संग्रहालयात आयरिश काचचित्रकार हॅरी क्लार्कने १९२४ मध्ये पूर्ण केलेली रंगीत काचेची खिडकी आहे. निळ्या-जांभळ्या काचेचे एकेक बोटभर तुकडे आम्लाने कोरून त्याने वस्त्रांची नक्षी काढली आहे. लोक तिच्यापुढून झरझर निघून जातात आणि बेकनच्या पसाऱ्यापुढे गर्दी करतात. उपयोजित कलेला दुय्यम लेखण्याची ही सवय आपल्याकडेही तितकीच आहे. विशेष म्हणजे बेकननेही सुरुवात फर्निचर आणि गालिच्यांच्या संकल्पनांपासून केली होती आणि चित्रशाळेतला तो डागाळलेला गोल आरसा त्याच काळातला आहे, याची आठवण इथे एकालाही झाली नाही.

रंगपेटी
काचनक्षी यांचा मुद्दा रास्त आहे. गवाक्ष यांना मात्र एकच विचारते. आपण चित्र काढण्यापूर्वी रेखाटने करीत नाही, असे बेकन मुलाखतींतून सांगत असे आणि अभ्यासक ते मानत आले. या खोलीत सुमारे ७० रेखाटने निघाली, शिवाय पुस्तकांतून फाडलेली पाने आणि चुरगाळलेली, रंग सांडलेली जवळपास पंधराशे छायाचित्रे. खोली रिकामी करून वस्तू लिलावात गेल्या असत्या, तर चित्राची तयारी तो कशी करी हे आपल्याला कळले असते का?

गवाक्ष
कळले नसते. नोंदींपुरते आणि रेखाटनांपुरते आपले म्हणणे मान्य करतो, आणि ‘कचरा’ हा शब्द त्या कागदांना लागू नाही हेही लिहून ठेवतो. पण त्याच खोलीत सुमारे शंभर कॅनव्हास निघाले, जे बेकनने स्वतः सुरीने कापले होते. अनेकांतले चेहरेच त्याने कापून काढले होते. हे लोकांसमोर जाऊ नये, असे याहून स्पष्ट शब्दांत चित्रकार काय सांगणार? अभ्यासकांसाठी ते कपाटात जपून ठेवा, माझी ना नाही. भिंतीवर टांगायला मात्र माझा विरोध आहे आणि तो राहील.

जुना जेजेकर
गुरुजीही नको असलेली चित्रे फाडीत, आणि त्यांतला एक तुकडा मी आजवर कोणाला दाखवलेला नाही. या एका बाबतीत मी गवाक्ष यांच्या बाजूला आहे.

रंगपेटी
मी नाही. जे कापून टाकायचे आणि नाहीसे करायचे होते, ते बेकनने वर्षानुवर्षे त्याच खोलीत, कामाच्या जागेशेजारी का ठेवले असावे, याचा विचार दोघांनीही करावा. त्याला ते जाळता आले असते.