गेम खेळताना पीसी अचानक रीस्टार्ट होतो, व्हिडिओ एक्सपोर्टला मात्र तासन्‌तास चालतो

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. मी सांगलीत लग्नाचे व्हिडिओ शूट आणि एडिट करते. सीझनच्या पैशातून पीसी बांधून घेतला. दिवसा काम, रात्री गेम. रायझन ५ ५६००एक्स, ३२ जीबी डीडीआर४ रॅम, ६५० वॅटचा ब्राँझ दर्जाचा एसएमपीएस (पीसीच्या आतल्या भागांना करंट पुरवणारा डबा), विंडोजसाठी एनव्हीएमई एसएसडी आणि फुटेजसाठी वेगळी ४ टीबीची हार्डडिस्क. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०७०, हे सेकंडहँड घेतलंय. सगळं ६०० व्हीएच्या यूपीएसवर आहे, मॉनिटरसकट.

त्रास असा की सायबरपंक २०७७ लावला की पीसी खट्‌कन रीस्टार्ट होतो. गाडीवरून बाजाराच्या गर्दीत शिरले की होतं, किंवा नकाशा उघडून परत गेममध्ये आले की त्याच क्षणी. निळी स्क्रीन येत नाही, एरर येत नाही, आवाज अडकून भुर्र्‌ करत नाही. भिंतीतली पिन उपटल्यासारखं सगळं जातं, पंखे क्षणभर थांबतात आणि मदरबोर्डचा लोगो येतो. कधी पाच मिनिटांत होतं, कधी तासभर काही होत नाही. व्हॅलोरंट खेळताना मात्र असं झाल्याचं आठवत नाही.

आणि हेच मला कळत नाहीये: प्रीमिअर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधून दोन-दोन तास एक्सपोर्ट चालतो, पंखे गरगरतात, पण पीसी बंद पडत नाही. फरमार्कही (कार्डावर मुद्दाम पूर्ण भार टाकणारी चाचणी) बराच वेळ चालवला, काही झालं नाही. टेम्परेचर बघितलं तर प्रोसेसर ७४, कार्ड ७२. थर्मल पेस्ट नवी लावली. ड्रायव्हर डीडीयू या टूलने पूर्ण काढून पुन्हा टाकले. दुकानात नेला तर ‘विंडोज करप्ट आहे’ म्हणून नवीन विंडोज मारून दिली, पैसे घेतले, आणि त्याच संध्याकाळी घरी पुन्हा तेच. विंडोजच्या नोंदींची यादी असते त्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दरवेळी ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसतं.

आता दुकानवाले म्हणतात कार्ड गेलंय, बदला. बदलायचं तर मोठा खर्च आहे आणि पुढच्या तारखांचे अ‍ॅडव्हान्स लेन्सवर गेलेत. कार्ड खरंच गेलंय हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

मध्यरात्र
आधी रॅम बघा. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅम वाढीव वेगाने चालवणारी सेटिंग) बंद करा, रॅम २१३३ किंवा २४०० वर येईल. त्यावर एक-दोन दिवस खेळून बघा. रीस्टार्ट थांबले तर रॅम किंवा तिची सेटिंग. रात्री झोपताना मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावून ठेवा, एकही एरर आली तर एकेक स्टिक काढून तपासा. माझ्याकडे एक स्टिक खराब निघाली होती आणि ती फक्त गेममध्येच त्रास द्यायची.

सोल्डरगन
ताई, मी नाशिकला पीसी आणि एसएमपीएस रिपेअरिंगचं काम करतो. कार्ड बदलण्याची घाई करू नका. तुम्ही जे वर्णन केलंय त्यातच बरंच उत्तर आहे.

पहिलं, ते ४१. कर्नल-पॉवर ४१ हे कारण नाहीच. विंडोज पुन्हा सुरू झाल्यावर मागे बघते, ‘अरे, मी नीट बंद न होताच गेले होते’ असं तिला कळतं, आणि ती तशी नोंद करते. तिला त्यापलीकडे काही माहीत नसतं. तुम्ही त्या नोंदीवर डबल क्लिक करा, डिटेल्समध्ये जा आणि ‘बगचेककोड’ (निळ्या स्क्रीनचा एरर नंबर) समोर काय आहे बघा. शून्य असेल तर विंडोजला निळी स्क्रीन नोंदवायलाही वेळ मिळाला नाही, म्हणजे करंट गेला किंवा बोर्ड थेट रीसेट झाला. दुसरा आकडा असेल तर गोष्ट वेगळी. सिस्टीमच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ आहे, तिथली ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची टिक काढा. निळी स्क्रीन येत असेल तर ती आता थांबून दिसेल. माझा अंदाज, दिसणार नाही.

त्याच यादीत ‘व्हीया-लॉगर’ची (हार्डवेअरच्या चुका नोंदवणारा विंडोजचा भाग) १८ नंबरची नोंद आहे का तेही बघा. असेल तर प्रोसेसरकडे वळायचं. पण तो प्रकार बऱ्याचदा मशीन नुसतं बसलेलं असताना, ब्राउझर उघडा असताना होतो. तुमचा तसा दिसत नाही. आणि उष्णतेचं म्हणाल तर ७२-७४ ला काही होत नाही. शिवाय प्रोसेसर तापला की बंद पडण्याआधी स्वतःचा वेग कमी करतो, ते तुम्हाला गेम रखडण्यातून जाणवलं असतं.

आता मुख्य मुद्दा. एक्सपोर्ट आणि फरमार्क टिकतात, गेम टिकत नाही, याने तुम्ही गोंधळलात. पण हीच खूण आहे. फरमार्क कार्डवर एकसारखा भार ठेवतो. कार्ड आपल्या २२० वॅटच्या मर्यादेला जाऊन तिथंच राहतं, एसएमपीएसला सवय होते. एक्सपोर्टला तर कार्डाचा फार थोडा भाग काम करतो. गेममध्ये तसं नसतं. नकाशा उघडला की कार्ड सुस्तावतं, बंद केला की एका क्षणात पूर्ण ताकदीवर येतं. त्या क्षणी ते लिहिलेल्या वॅटपेक्षा बरंच जास्त ओढतं, सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळ. हे कुठल्याही टेम्परेचरच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही, कारण ती सॉफ्टवेअरं सेकंदातून एकदा आकडा वाचतात. पण एसएमपीएसला ते दिसतं. १२ व्होल्टची लाइन त्या झटक्याला दबली की तो ‘पॉवर गुड’चा सिग्नल खाली ओढतो आणि बोर्ड रीसेट होतो. या पिढीच्या कार्डांमध्ये हे इतकं दिसलं की २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० मानकात असे झटके सोसण्याची अटच घातली गेली. तुमचा एसएमपीएस त्याआधीचा असेल तर तो वाईट आहे असं नाही, पण त्याला पूर्ण मदत मिळाली पाहिजे.

म्हणून आता पैसे न घालता हे करा. आफ्टरबर्नर (कार्डाच्या सेटिंग बदलायचं सॉफ्टवेअर) टाका, ‘पॉवर लिमिट’ म्हणजे कार्डाची वॅटची मर्यादा ७० टक्क्यांवर आणा, एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमधून फ्रेम ६० वर बांधा आणि तोच बाजार, तोच नकाशा खेळा. टिकला तर कार्डाची चिप बहुतेक ठणठणीत आहे आणि दोष करंट पुरवण्याच्या वाटेत आहे. मग ती वाट मागे मागे तपासत जायची: कार्डाच्या पिना, केबल, एसएमपीएस, यूपीएस, भिंतीतलं सॉकेट.

आणि कृपया साइड पॅनल उघडून सांगा, कार्डाच्या दोन ८-पिन सॉकेटांना दोन वेगळ्या केबली आहेत की एकाच केबलला पुढे फुटलेली दोन तोंडं आहेत? फोटो टाकलात तर उत्तम.

वायरमन_कोल्हापूर
सोल्डरगन दादांनी यूपीएस शेवटी ठेवलाय, मी तो आधी धरीन. ६०० व्हीएचे घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅटचे असतात, मागच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं ते वाचा. हिशेब करा: कार्ड २२०, प्रोसेसर ७५ च्या आसपास, बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून ५०, मॉनिटर ३०. एसएमपीएस स्वतः थोडं खातो. भिंतीतून सव्वाचारशेच्या घरात गेलं. लाइन व्यवस्थित असते तोवर यूपीएस मेनचाच करंट पुढे देतो म्हणून चालून जातं. संध्याकाळी व्होल्टेज पडलं आणि तो क्षणभर बॅटरीवर गेला, की ३६० च्या इन्व्हर्टरवर सव्वाचारशेचा बोजा. तो टिकत नाही.

रीस्टार्टच्या वेळी यूपीएसची शिट्टी ऐकू येते का? रिले टक्‌ वाजतो का? आणि मॉनिटरचा छोटा दिवा पूर्ण विझतो, की मॉनिटर चालू राहून ‘नो सिग्नल’ दाखवतो? विझत असेल तर बाहेरचा करंट गेला. ‘नो सिग्नल’ असेल तर बहुतेक खराबी कॅबिनेटच्या आतली. पक्कं करायला यूपीएस बाजूला ठेवून पीसी थेट भिंतीत लावा. एक्सटेन्शन बोर्डही नको, कूलर-इस्त्री असलेल्या बोर्डावर तर नकोच.

अजून एक, उघड्या पायांनी कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात का? येत असतील तर घराला अर्थिंग नाही. अर्थिंग नसलं की एसएमपीएसच्या फिल्टरमुळे कॅबिनेटवर निम्मं व्होल्टेज तरंगत राहतं, ११५ च्या आसपास. त्यानं रीस्टार्ट होत असेल असं मला वाटत नाही, पण तुम्ही त्याच मशीनला कॅमेरे आणि कार्ड-रीडर जोडता. इलेक्ट्रिशियन बोलावून ते करून घ्याच.

एडिटबे
मी पुण्यात हेच काम करतो म्हणून कळकळीनं सांगतो. हे मिटेपर्यंत फुटेजची हार्डडिस्क पीसीला जोडलेली ठेवून गेम खेळू नका. लिहिणं चालू असताना करंट गेला तर फोल्डरच्या फोल्डर वाचता येत नाहीत. आज रात्रीच सगळी लग्नं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, आणि मूळ डिस्कवर चेकडिस्क (डिस्कमधल्या चुका तपासणारी विंडोजची सोय) चालवा, पण कॉपी झाल्यानंतर. पार्टीकडचं लग्न पुन्हा लागणार नाही. आणि कॅमेऱ्याची कार्डं डिलिव्हरी होईपर्यंत फॉरमॅट करू नका.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. एडिटबे दादा, कॉपी आधी केली, सगळं शाबूत आहे.

मध्यरात्र, एक्सएमपी बंद करूनही रीस्टार्ट झाला. मेमटेस्ट रात्रभर चालला, एकही एरर नाही. रॅम सुटली.

बगचेककोड शून्य आहे, सगळ्या नोंदींमध्ये. व्हीया-लॉगर कुठेच नाही. टिक काढली तरी निळी स्क्रीन आली नाही. मॉनिटर विझत नाही, ‘नो सिग्नल’ येतं. यूपीएसची शिट्टी मात्र कधीकधी ऐकलीय, ती मी लाइट गेल्याची समजत होते. यूपीएस काढून थेट भिंतीत लावला, तर रीस्टार्ट कमी झाले पण थांबले नाहीत.

मग पॉवर लिमिट ७० केलं, फ्रेम ६० वर बांधली. अख्खी संध्याकाळ खेळले. बाजारात मुद्दाम चकरा मारल्या, नकाशा उघड-बंद करत राहिले, काही झालं नाही. पुन्हा १०० केलं आणि नकाशा बंद करताच गेला.

साइड पॅनल उघडलं. एकच केबल आहे, तिला पुढे दोन तोंडं, दोन्ही कार्डात. पीसी जोडून देणाऱ्यानं तशीच लावली होती. पीसी बंद करून, पिन काढून, थोडा वेळ थांबून ती ओढून बघितली. कार्डाकडचं पहिलं तोंड सहज निघेना, हलवत हलवत काढावं लागलं. काळ्या प्लॅस्टिकची कड एका कोपऱ्याला चकाकतेय, आणि आतल्या दोन पिनांभोवती तपकिरी छटा आहे. नाकाजवळ नेल्यावर जळकट वास येतो. कार्डाच्या सॉकेटमधल्या पिना मोबाइलच्या टॉर्चनं बघितल्या, त्या चकचकीत दिसतात. फोटो टाकतेय. एसएमपीएसच्या खोक्यात दुसरी तशीच केबल न वापरलेली सापडली.

सोल्डरगन
फोटो बघितला. सापडलं, ताई. मुळात दोन केबलींचं काम एकीवर, त्यात ते तोंड सैल बसलेलं असणार. सैल जोडाला रोध वाढतो, तो तापतो, तापला की पिनेचा ताण जातो आणि आणखी सैल होतो. भार एकसारखा असताना भागून जातं, झटक्याला तिथं व्होल्टेज पडतं.

ती जुनी केबल आता अजिबात वापरू नका, दुसऱ्या तोंडानंही नाही. खोक्यातली केबल एका सॉकेटला लावा. दुसऱ्या सॉकेटसाठी त्याच कंपनीच्या त्याच मॉडेलची केबल मागवा. हे नीट लक्षात घ्या: मॉड्युलर (केबली सुट्या निघणाऱ्या) एसएमपीएसच्या केबली एकमेकींसारख्या दिसल्या तरी एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची रचना प्रत्येक कंपनीची वेगळी असते, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही. ‘बसते ना, मग लावा’ म्हणून दुसरी केबल लावली तर कार्ड, डिस्क, सगळं जळू शकतं. दुकानदार सुटी केबल देत असेल तर घेऊ नका. बिल शोधा, मॉडेल नंबर सांगून कंपनीच्या सर्व्हिसकडे वॉरंटीत मागा. त्याच वेळी एसएमपीएसकडचं सॉकेट तपासायला सांगा. तेही तपकिरी असेल तर एसएमपीएसच बदलून मागा.

ती येईपर्यंत कार्डाचं एक सॉकेट रिकामं ठेवू नका; खोक्यातल्या केबलची दोन्ही तोंडं कार्डात लावून पॉवर लिमिट ७० वर खेळायला हरकत नाही. केबल बसवताना खटका ऐकू येईपर्यंत दाबा, क्लिप अडकली का बघा, आणि पॅनल लावताना केबल कनेक्टरपाशी लगेच मुडपू नका.

वायरमन_कोल्हापूर
आणि तो यूपीएस राउटर आणि मॉनिटरला ठेवा. पीसीला १ केव्हीएचा, ६०० वॅट लिहिलेला, शक्यतो प्युअर साइन वेव्हचा (बॅटरीवरही मेनसारखाच सुरळीत करंट देणारा) घ्या. स्टिकरवर व्हीएऐवजी वॅट वाचूनच घ्या.

कृष्णाकाठ
केबल सर्व्हिस सेंटरकडून मिळाली, वॉरंटीत. एसएमपीएसचं सॉकेट त्यांनी माझ्यासमोर उघडून दाखवलं, स्वच्छ आहे. दोन्ही केबली लावल्या, पॉवर लिमिट १००, फ्रेमची मर्यादा काढली, एक्सएमपी परत चालू केलं. त्यानंतर एकदाही रीस्टार्ट नाही आणि यादीत नवीन ४१ नाही. यूपीएस पुढच्या पेमेंटवर घेतेय, तोवर काम करताना थेट भिंतीत आणि दर थोड्या वेळानं सेव्ह. इलेक्ट्रिशियन रविवारी येतोय, कारण हो, मुंग्या येतात.

ज्यांचं ३०७० किंवा त्याहून मोठं कार्ड आहे त्यांनी एकदा पॅनल उघडून आपली केबल बघा. दुकानात जोडून आलाय म्हणून बरोबर असेलच असं धरू नका.