'ती नऊवारी नेसली' की 'तिने नऊवारी नेसली'?

एका कथेत 'लग्नात ती नऊवारी नेसली' असं होतं. संपादकांनी 'तिने नऊवारी नेसली' केलं. म्हणे क्रियापद सकर्मक, क्रिया पूर्ण झालेली, मग 'तिने भाकरी खाल्ली' तसा इथेही 'ने' हवाच. मला खटकतंय, पण त्यांना नियम काय सांगू?

प्रतिसाद: साडी स्त्रीलिंगी, नेसणारीही बाई, म्हणून 'नेसली' दोन्हीकडे खपतं. लुगडं घेऊन पाहा. 'ती लुगडं नेसली' की 'तिने लुगडं नेसलं'? आमच्या घरात दुसरं कुणीच म्हणत नाही. 'तो धोतर नेसला' हेही तसंच.

प्रतिसाद: असे धातू बरेच आहेत. तो धडा शिकला, छत्री विसरला, खोटं बोलला, सामना हरला. माझ्या मते क्रियेचं फळ कर्त्यालाच मिळत असेल तर 'ने' येत नाही. दुसऱ्याला नेसवलं की लगेच येतो: 'मावशीने तिला नऊवारी नेसवली'.

प्रतिसाद: मग आंब्याचं फळ कुणाला मिळतं? 'ती आंबा खाल्ली' म्हणत नाही आपण. ही यादी पाठच करावी लागते. 'म्हणणे' तर दोन्हीकडे आहे: तो म्हणाला, त्याने म्हटलं.

प्रतिसाद: सोलापूरकडे 'मी काम केलो' सर्रास ऐकू येतं. शेजारच्या कानडीत भूतकाळातही क्रियापद कर्त्याप्रमाणेच चालतं. याला अशुद्ध म्हणू नका.

प्रतिसाद: बोलीत असू दे, छापताना नको. संस्कृत 'मया कृतम्' मधलं 'कृत' कर्माचं विशेषण. केला-केली-केलं त्याच कुळातले, म्हणून कर्माचं लिंग घेतात. 'मी केलो'त ते नातंच तुटतं.

प्रतिसाद: आणि 'तू काम केलंस' मधला 'स' कुणाचा? कर्त्याचाच ना? तो प्रमाण मराठीत चालतो, मग सोलापूरच्या 'केलो'वरच राग का?

प्रतिसाद: मूळ गोंधळ 'घालणे'मुळे झाला असावा. हल्ली सगळ्या 'तिने साडी घातली' म्हणतात. तिथला 'ने' नेसण्याला चिकटला.

प्रतिसाद: साडी घालत नाहीत हो, नेसतात! घालतात तो ड्रेस.

प्रतिसाद: आता शिवलेली नऊवारी मिळते. पायात सरकवायची, नाडी बांधायची. ती नेसली की घातली?

प्रतिसाद: घातली. काष्टा स्वतः घेतला तरच नेसली.