बेटावर डायव्हिंग, तेही थोडक्या रजेत : सोलापूरकरांनो, अनुभव लिहा

गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, उरकला की आमच्या घरी प्रवासाच्या गप्पा निघतात, आणि पारा चढायला लागला की त्या थेट समुद्रावर जातात. यंदा एवढं ठरलंय : फेब्रुवारी-मार्चमध्ये जोडून मिळेल तेवढी सुट्टी, एखादं बेट, आणि एकदा तरी पाण्याखाली जायचंच. आम्हा दोघांचं पोहणं शेतातल्या विहिरीपुरतं. खर्चाचे आकडे जाहिरातीतही मिळतात, ते नकोत. सोलापुरातून निघून तुम्ही दिवस कसे लावलेत ते सांगा. डाइव्ह कुठल्या दिवशी ठेवली? काय गाळलंत? अंदमान, नेत्राणी, लक्षद्वीप, मालवण, सगळं चालेल.

होटगी रोड

आम्ही अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर गेलो. २०१८ पासून कागदोपत्री ते स्वराज द्वीप आहे, पण धक्क्यावर सगळे हॅवलॉकच म्हणतात. रात्रीच्या गाडीने हैदराबाद, तिथून थेट विमानाने पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून श्री विजयपुरम). पुण्या-मुंबईकडे उलटं कशाला जायचं?

आमच्या एजंटाने आधी पोर्ट ब्लेअर, मग हॅवलॉक आणि शेवटच्या दिवशी डाइव्ह असा कार्यक्रम दिला होता. तो आम्ही उलटा करायला लावला. कारण साधं आहे. खोल पाण्यात दाबामुळे हवेतला नायट्रोजन रक्तात विरघळतो आणि वर आल्यावर तो सावकाश बाहेर पडावा लागतो. लगेच विमानात बसलात तर केबिनमधल्या कमी दाबात त्याचे बुडबुडे होऊ शकतात. एक डाइव्ह केली असेल तर निदान १२ तास, जास्त केल्या तर निदान १८ तास विमान नको. म्हणून उतरल्या उतरल्या फेरीबोटीने हॅवलॉक गाठलं, दुसऱ्या दिवशी सकाळी डाइव्ह केली, मग राधानगरचा किनारा. शेवटचा मुक्काम पुन्हा पोर्ट ब्लेअरला ठेवून सेल्युलर जेल बघितलं. याचा आणखी एक फायदा : समुद्र खवळला की फेरी रद्द होते, आणि विमान काही आपल्यासाठी थांबत नाही.

घड्याळ आपलंच असलं तरी बेटं फार पूर्वेला आहेत. डिसेंबरात पाचलाच सूर्य बुडतो. जेवून वामकुक्षी काढणाऱ्यांनी राधानगरचा सूर्यास्त विसरावा.

विजापूर रोड

अंदमानला पैसे पुरले असते, दिवस पुरत नव्हते. म्हणून नेत्राणी, कर्नाटकात मुर्डेश्वरसमोरचं बेट. नकाशा उघडून बघा की, आपल्या सोलापुरातून जाणारा ५२ नंबरचा हायवे विजापूर, हुबळी करत अंकोल्याला जाऊन संपतो, म्हणजे समुद्राशीच. पुढे ६६ नंबरने कुमठा, होन्नावर, मुर्डेश्वर. पाचशे किलोमीटरच्या आसपास पडतं. पहाटे निघालो, हुबळीत जेवलो, दिवस मावळायच्या आत १२३ फुटी शंकर दिसायला लागला. कडक भाकरी नि शेंगाचटणी डिकीत होतीच, ती परतेपर्यंत पुरली.

नेत्राणीवर राहता येत नाही, उतरूही देत नाहीत. होडीतून पाण्यात, पाण्यातून होडीत, एवढंच. किनाऱ्यापासून सुमारे १९ किलोमीटर, होडीला दीड तास लागतो, आणि खरी परीक्षा तिथे असते. होडी चालू असते तोवर माणूस ठीक असतो. नांगर टाकला की ती नुसती डुलत राहते आणि एकेक जण कठड्याकडे सरकतो. उलटीची गोळी निघायच्या अर्धा तास आधी घ्या, मळमळायला लागल्यावर काही उपयोग नाही. नाश्ता इडलीवर भागवा. आमच्यातल्या एकाने मिसळ शोधली होती, त्याचं पुढचं लिहीत नाही.

आता पाण्यातलं. शिक्षक मागून टाकी धरून असतो, तुम्ही फक्त तोंडाने श्वास घ्यायचा. पुरुषभर खोल गेलो नाही तोच कान ठणकायला लागले. नाक चिमटीत धरायचं, तोंड मिटून हलकेच फुंकायचं. कानात ‘टुक’ होतं आणि ठणका जातो. हे दर तीन-चार फुटांवर करायचं, दुखायची वाट बघायची नाही. खाली खडकावर पोपटमासे चोचीने कुरतडत होते आणि तो कुरकुर आवाज पाण्यातही ऐकू येतो! हे मला कुणी सांगितलं नव्हतं. खुणा मात्र नीट पाठ करा. आमच्या साडूने मासे बघून खुशीत अंगठा दाखवला. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘वर चला’. शिक्षकाने त्याला गपचूप वर नेऊन सोडलं. ‘भारी’ म्हणायचं तर अंगठा आणि तर्जनीचं कडं करायचं.

डाइव्ह करून त्याच संध्याकाळी गाडी हाणायची नाही. हुबळी दोन हजार फुटांच्या वर आहे, आणि नायट्रोजनचा तोच नियम एवढ्या उंचीच्या घाटालाही लावतात. आम्ही मुर्डेश्वरलाच राहिलो, गोपुराच्या लिफ्टने वर जाऊन किनारा बघितला, दुसऱ्या दिवशी दुपारी अरबैल घाट चढलो. पावसाळ्यात हे सगळं बंद असतं.

धागाकर्ती

हे फार कामाचं. शनिवारी निघून सोमवारी रात्री घरी, बसतंय गणित. एक विचारू का? मला चष्मा आहे, उणे चारचा. आणि कपड्यांचं काय करता?

जुळे सोलापूर, शिक्षिका

ताई, चष्म्यावर मास्क बसत नाही, काडीजवळून पाणी आत येतं. काही ठिकाणी नंबरचे मास्क असतात, बुकिंग करतानाच विचारा. मी सॉफ्ट लेन्स घातल्या आणि मास्कमध्ये पाणी गेलं तेव्हा डोळे गच्च मिटले. जास्तीची जोडी पर्समध्ये होती.

कपड्यांची काळजी सोडा. वेटसूट मानेपासून घोट्यापर्यंत असतो, आत लेगिंग आणि अंगाबरोबरचा टीशर्ट पुरे. खरी कसरत तो ओला सूट काढताना! जाऊबाईंनी पाय धरून ओढला तेव्हा कुठे सुटले. मंगळसूत्र, कानातलं, पैंजण खोलीवर ठेवून जा. केस वेणी घालून घट्ट बांधा, सुटी बट मास्कच्या कडेखाली आली की पाणी झिरपतं. आणि हो, त्या दिवशी पाळी असली तरी डाइव्ह करता येते, मी केलीय. हे मोकळेपणाने कुणी सांगत नाही म्हणून लिहिलं.

सात रस्ता, कान-नाक-घशाचा डॉक्टर

वरचं कानाचं वर्णन बरोबर आहे, फक्त जोरात फुंकू नका. पाण्याखाली १० मीटरवर दाब दुप्पट होतो, म्हणजे कानातली हवा निम्म्या जागेत दाबली जाते. सर्दी असेल तर कानाकडे जाणारी नळी सुजलेली असते आणि हवा पोहोचतच नाही. गोळी घेऊन नाक मोकळं केलं तरी धोका राहतो, कारण पाण्याखालीच गोळीचा असर उतरला तर वर येताना हवा अडकते. सर्दी असेल त्या दिवशी पैसे बुडाले म्हणायचं आणि किनाऱ्यावर बसायचं.

डाइव्हच्या आधी एक आरोग्याचा फॉर्म देतात. लोक न वाचता सगळीकडे ‘नाही’ लिहितात. दमा, फिट्स, हृदयाचा त्रास, कानाचं ऑपरेशन, गर्भारपण यातलं काही असेल तर लपवू नका. आणि वर येताना श्वास कधीही कोंडायचा नाही. फुप्फुसातली हवा फुगते, तिला वाट हवी.

नवी पेठ

एवढं लांब कशाला? कोल्हापूरवरून मालवण. पोरं, आई-वडील, सगळे येतात, सुरमई मिळते, सिंधुदुर्ग किल्ला बघून होतो. पण अपेक्षा तेवढीच ठेवा. आम्हाला ज्याने नेलं त्याच्याकडे पाठीवर टाकी नव्हती. सिलिंडर होडीत, नळी तोंडात, आणि माणूस मानगूट धरून खाली. मासे फोटोत यावेत म्हणून खाऊ टाकत होते, ते काही मला पटलं नाही. रीतसर शिकायचं तर तारकर्लीला पर्यटन महामंडळाची डायव्हिंग संस्था आहे, तिथे विचारा.

अशोक चौक

लक्षद्वीप थोडक्यात सांगतो : पाणी सगळ्यात सुंदर, पण थोडक्या रजेत नको. भारतीयांनाही परवाना लागतो, कोचीहून अगत्तीचं विमान किंवा जहाज, त्यांच्या वेळा आपल्या रजेशी जुळायला नशीब लागतं. बंगारमला गेलो होतो. आठवडाभर असेल तर डोळे मिटून जा.

साखर पेठ

डाइव्ह न करणाऱ्यांबद्दल कुणीच लिहिलं नाही. आमचे वडील गिरणीतून निवृत्त, गुडघे दुखतात, पाण्याला घाबरतात. आम्ही हॅवलॉकला डाइव्ह करत होतो तेव्हा ते किनाऱ्यावर शहाळं घेऊन बसले आणि बंगाली कोळ्याशी हिंदीत गप्पा मारल्या. एलिफंट बीचला मात्र लाइफ जॅकेट घालून, मास्क लावून पाण्यात तोंड घातलं त्यांनी. कंबरभर पाण्यातच प्रवाळ दिसतं तिथे. नंतर दिवसभर एकच : ‘अरे, निळा मासा माझ्या चपलेजवळ!’

सेल्युलर जेलमध्ये गाइड माहिती सांगत होता, तर हे मध्येच उठले आणि धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे, सारडा ही चार नावं सांगून १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात आमच्या सोलापूरच्या चौघांना फाशी दिली म्हणून त्यालाच माहिती दिली. गाइडने शांतपणे ऐकून घेतलं.

सोबत वयस्कर माणूस असेल तर सरकारी फेरीचं तिकीट आधीच बघून ठेवा, आणि किनाऱ्यावरून शंख-प्रवाळ उचलू देऊ नका. प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतं, विमानतळावर सामान तपासताना काढून घेतात. वर चौकशी.

वालचंद कॉलेजचा माजी विद्यार्थी

मी हॅवलॉकला पूर्ण कोर्स केला. ओपन वॉटर म्हणतात, १८ मीटरपर्यंत जायची परवानगी मिळते. नवख्यांना १२ मीटरच्या खाली नेत नाहीत. कोर्सला तीन-चार दिवस सहज जातात, फिरणं विसरा बे. २०० मीटर पोहावं लागतं आणि १० मिनिटं तरंगावं लागतं. विहिरीत सूर मारणाऱ्याला पोहणं जमतं, तरंगणं जमत नाही, कारण आपल्याकडे विहिरीत कोण शांत पडून राहतो?

तुम्हाला एकच डाइव्ह करायची तर पोहता येणं बंधनकारक नाही. पण जायच्या आधी साधा मास्क आणि स्नॉर्कल घ्या, महिनाभर तलावात सकाळी जात जा. एकच सराव करायचा : मास्कमध्ये मुद्दाम पाणी भरायचं, वरची कड कपाळाशी दाबायची, नाकाने फुंकायचं, पाणी खालून निघून जातं. बहुतेक जण तिथेच घाबरून वर पळतात. आणि नेत्राणीला जाणार असाल तर होडीत मागच्या बाजूला बसा, पुढे जास्त आपटते.