हेवी लायसन: क्लीनर होऊन शिकावं, की स्कूलला पैसे भरावेत?

माणदेशी:
मावसभाऊ २१ वर्षांचा आहे, कारचं लायसन दोन वर्षांपूर्वीच काढलंय. आता ट्रक चालवायचा म्हणतो. तालुक्यातल्या ड्रायव्हिंग स्कूलने हेवीचा जो आकडा सांगितला, तो ऐकून मावशी गप्पच झाली. सरकारी फी बघा: शिकाऊ १५०, चाचणी ३००, असलेल्या लायसनवर हेवी चढवायचे ५००. उरलेले पैसे शिकवण्याचे म्हणावेत, तर तिथून शिकलेली पोरं सांगतात, मैदानात रिकामी गाडी फिरवली, एकदा रिव्हर्स घेतला, की फॉर्म ५, म्हणजे शिकल्याचा दाखला, हातात. नियमात ३० दिवस आणि प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे १५ तास आहेत. असल्या कागदाला पैसे घालण्यापेक्षा क्लीनर म्हणून लागावं. जेवणाचा खर्च सुटतो, भत्ता मिळतो, गाडीही कळते.

घाटमाथा:
साफ चूक. मीही क्लीनरकीतूनच आलोय. उस्ताद, म्हणजे गाडीचा ड्रायव्हर, स्टेअरिंग देतो ते पहाटे, त्याला झोप आवरेना की. पोराकडे ना शिकाऊ परवाना, ना गाडीला एल. कुणाला उडवलं तर विमा कंपनी भरपाईचे पैसे मालकाकडून वसूल करायला बघते आणि मालक म्हणतो, या पोराला मी ओळखत नाही. शिवाय उस्तादाच्या खोडी फुकटात लागतात. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करणं ही त्यातलीच. ट्रकचे ब्रेक दाबाच्या हवेवर चालतात. इंजिनावरचा कॉम्प्रेसर थांबला की टाकीत हवा भरत नाही. पुन्हा पुन्हा ब्रेक दाबला की टाकी रिकामी. कात्रजकडून नवले पुलाकडे उतरताना ट्रकचे ब्रेक जाऊन काय काय झालंय ते पुणेकरांना विचारा.

डिझेलभाऊ:
दादा, मग स्कूलवाले तरी घाट कुठे शिकवतात? भरलेली गाडी हातात देतच नाहीत. मागे २० टन असताना कसारा घाट कुठल्या गिअरला उतरायचा, इंजिनाचा धूर अडवून गाडी आवरणारा एक्झॉस्ट ब्रेक कधी लावायचा, हे क्लीनरच्या सीटवरूनच दिसतं. ताडपत्री, रस्सा, टायर, मालासोबतचं ई-वे बिल, हे तर कुठल्याच वर्गात नाही.

घाटमाथा:
दिसतं, मान्य. पण दिसलं म्हणजे पायाला कळलं असं नाही.

लायसनवाली ताई:
दोघंही टोकाला गेलात. २०२१ पासून सरकारमान्य ड्रायव्हिंग प्रशिक्षण केंद्रांची सोय आहे. हेवीचा कोर्स सहा आठवडे, ३८ तासांचा. पास झालं की आरटीओची ड्रायव्हिंग टेस्ट माफ. पुण्यात कासारवाडीलाही ड्रायव्हिंग प्रशिक्षणाची मोठी संस्था आहे. गावाकडच्या पोराला फीपेक्षा तिथं राहण्या-खाण्याचाच खर्च जड जातो, हे खरं.
माणदेशी, दुसरी वाट बघा. नोव्हेंबर २०२४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार कारच्या लायसनवर ७,५०० किलोपर्यंतच्या एकूण वजनाची मालवाहू गाडी चालवता येते. वर्षभर पिकअप चालवून पैसे साठवू दे, मग हेवीला जाऊ दे.

माणदेशी:
पिकअपचं पटलं. पण पिकअपवर कमवायचं आणि शिकायला घालायचं, म्हणजे खर्च पुन्हा पोराच्याच डोक्यावर. ड्रायव्हर मिळत नाहीत म्हणून मालक लोक ओरडतात, मग फी त्यांनी का भरू नये?

तीन गाड्यांचा मालक:
भरली होती एकाची. लायसन हातात पडल्यावर दुसऱ्याकडे गेला, दोन हजार जास्त मिळाले म्हणून.

डिझेलभाऊ:
शेठ, ते दोन हजार तुम्हीच वाढवले असते तर?