रोज एक रील टाकून फ्लॅट विकला जातो का?

कोथरूडची_गल्ली: एजंटांच्या ग्रुपवर सल्ला फिरतोय : "रोज एक रील टाका, किंमत लिहू नका, कमेंटमध्ये 'प्राइस' लिहायला लावा." वाचून डोकं फिरलं. यातून फोन येतात, गिऱ्हाईक येत नाही. साठ लाखांचं बजेट असलेला माणूस सव्वा कोटीच्या टू-बीएचकेची चौकशी करतो आणि दोघांची दुपार वाया जाते. आठवड्याला दोनच रील टाका, पण त्यात परिसर, रेरा कार्पेट (रेरा या गृहनिर्माण कायद्याप्रमाणे मोजलेलं वापरायचं क्षेत्रफळ), ताब्याची तारीख आणि सगळं धरून किंमत द्या. बांधकाम चालू असेल तर जीएसटी लागतो, भोगवटा प्रमाणपत्र मिळालं असेल तर लागत नाही. हा फरक लाखांचा असतो, तो लपवायचा कशाला?

ठाणे_ब्रोकर: किंमत लिहा सांगणं सोपं आहे. बिल्डर लिहू देत नाही. मजल्यागणिक दर बदलतो, आणि लिहिलेला आकडा दुसरा एजंट उचलून पन्नास हजारांनी कमी करून टाकतो. कमेंट आल्या की रीच वाढते, हेही खरं.

कोथरूडची_गल्ली: मग "तिसऱ्या मजल्याचा दर, अमुकपासून" असं लिहा. पुण्यातल्या फ्लॅटची रील नागपुरात लाखभर लोकांनी पाहिली, तर त्या रीचचं करायचं काय? जाहिरातच द्यायची तर फेसबुकच्या फॉर्ममध्ये बजेट आणि ताबा कधी हवा, हे दोन प्रश्न स्वतः घाला. नुसत्या आपोआप भरलेल्या फॉर्ममध्ये लोकांचे जुने, बंद पडलेले नंबर येतात.

मीरारोड_रिसेल: आणि ते फोनच्या ०.५ (वाइड) लेन्सने शूटिंग बंद करा! दहा बाय दहाची खोली हॉलएवढी दिसते, साइटवर आल्यावर माणूस दारातूनच परत फिरतो. १एक्सवर दाराच्या कोपऱ्यातून घ्या.

नियमवाला: किंमत, लेन्स राहू द्या. प्रकल्पाची नोंदणी दाखवणारा क्यूआर कोड कुठे आहे? १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने (राज्याच्या गृहनिर्माण नियामक प्राधिकरणाने) तो जाहिरातीत बंधनकारक केलाय. निम्म्या रीलमध्ये नाहीच. असला तर तळाशी, जिथे इन्स्टाग्रामचं नाव आणि कॅप्शन त्याला झाकून टाकतं.

ठाणे_ब्रोकर: ज्या फोनवर रील पाहायची, त्याच फोनने कोड स्कॅन कसा करायचा? नियम होर्डिंगसाठी ठीक आहे, आमच्या गळ्यात कशाला?

नियमवाला: स्क्रीनशॉट काढून गूगल लेन्सने वाचता येतो. म्हणून कोड वर, उजवीकडे, निदान तीन सेकंद स्थिर ठेवा. शेजारी 'पी'ने सुरू होणारा प्रकल्प क्रमांक मोठ्या अक्षरांत द्या. कॅप्शनमधली लिंक दाबून उघडत नाही, क्रमांक मात्र महारेराच्या संकेतस्थळावर टाकता येतो.

ठाणे_ब्रोकर: दंड बिल्डरला होतो. एजंटांना घाबरवणं बंद करा!

नियमवाला: रेरा कायदा न वाचता बोलू नका. नोंदणी नसलेल्या प्रकल्पाची विक्री करून देणं एजंटला कलम १० नुसार मनाई आहे. मोडलं तर कलम ६२ : दिवसाला १० हजार, फ्लॅटच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. "प्री-लाँच (म्हणजे नोंदणीआधीच), बुकिंग सुरू" म्हणणारी प्रत्येक रील हा त्याचा पुरावा असतो, तोही तारखेसकट.

ठाणे_ब्रोकर: प्री-लाँचचं मान्य. त्या रील काढायलाच हव्यात, आणि कोडही वर घ्यायला हरकत नाही. किमतीचं मात्र पटलेलं नाही. बिल्डरकडून लेखी दरपत्रक मिळेपर्यंत आकडा लिहायचा नाही.

कोथरूडची_गल्ली: मग दरपत्रक मिळेपर्यंत रीलच टाकू नका.