मिंकचा जुना कोट: घालावा का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही कॅनडात विनिपेगला राहतो. शेजारच्या आजी वृद्धाश्रमात राहायला गेल्या आणि जाताना त्यांचा लांब मिंक कोट (मिंक म्हणजे मुंगसासारखा दिसणारा छोटा प्राणी, त्याच्या फरचा) मला देऊन गेल्या. फर खरीच आहे: केस बाजूला सारले की खाली विणलेलं कापड नाही, कातडं दिसतं. केस गळत नाहीत, वासही नाही. उणे तीसमध्ये तो किती उबदार ते सांगायला नकोच.

अडचण लोकांची आहे: फरसाठी प्राणी मारतात म्हणून ती अनेकांना खटकते. गुची या फॅशन ब्रँडने 2017 मध्ये फर वापरणं सोडत असल्याचं जाहीर केलं. कॅलिफोर्नियात 2023 पासून नवी फर विकता येत नाही, जुनी चालते. इथे तशी बंदी नाही, कायोटीच्या (कोल्ह्यासारखा जंगली प्राणी) फरची झालर लावलेली जाकिटं अजून दिसतात. नवरा म्हणतो, जुन्या कोटासाठी नवा प्राणी मरत नाही. पटतं, पण रस्त्यावरच्या माणसाला तो जुना आहे हे कसं कळणार? (चामड्याचे बूट आम्ही सगळेच घालतो, ते वेगळंच!)

विकायचा नाही, आजींनी मायेने दिलाय. काही वन्यजीव केंद्रं जुनी फर पिल्लांच्या अंथरुणासाठी घेतात हे वाचलंय, तो शेवटचा पर्याय. भारतात नेणार नाही, त्यामुळे कस्टमचा प्रश्न नाही.

कॅनडात खरी फर घालून ऑफिसला किंवा देवळात गेलेलं कुणी आहे का? कुणी तोंडावर बोललं का? आणि फर आत, कापड बाहेर असं उलटं शिवून घेतलं असेल, तर साधारण खर्च किती आला?